पेटीवादन, दशावतारी

पेटीवादन, दशावतारी : दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकात पात्रांच्या गायनाला, गद्य भाषणांना आणि रंगमंचावरील हालचालींना हार्मोनियमने दिली जाणारी साथ, तसेच या साथीसाठी वादकाला संपादन करावे लागणारे व्यावहारिक कौशल्य. सिंधुदुर्ग जिल्हा, त्याला लागून असलेला गोव्याचा उत्तर भाग आणि मुंबईतील कोकणी वस्ती हे या वादनाचे मुख्य क्षेत्र होय. या नाटकाची संहिता लिहिलेली नसते. त्यामुळे त्याची साथ करणाऱ्या वादकाला स्वरलिपीचा आधार मिळत नाही. प्रयोगात पुढे काय होणार, हे त्याला पात्राच्या आवाजावरून व हालचालीवरून त्या क्षणीच ओळखावे लागते. सभागायनाच्या किंवा संगीत नाटकाच्या साथीहून हे वादन वेगळे ठरते ते मुख्यत्वे याच कारणाने.

पार्श्वभूमी : कार्तिक महिन्यात सुरू होणाऱ्या गावोगावच्या जत्रांपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दशावतारी मंडळींचा हंगाम चालतो. समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आढळतो. त्यावरून सतराव्या शतकात हा खेळ महाराष्ट्रात परिचित होता, असे दिसते. आडिवरे येथील शामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो दक्षिणेकडून कोकणात आणला, अशी एक पारंपरिक समजूत आहे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, चेंदवणकर या नावांनी ओळखली जाणारी मंडळे या परंपरेत प्रसिद्ध आहेत.

देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली, म्हणजे रात्री उशिरा नाटकाला आरंभ होतो आणि पहाटे दहीकाल्याने त्याचा शेवट होतो. म्हणून मालवणी बोलीत या खेळाला ‘धयकालो’ असेही म्हणतात. खेळाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात म्हणजे आडदशावतारात सूत्रधार, गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर व विष्णू ही पात्रे ठरलेल्या क्रमाने येतात. उत्तररंगात पुराणातील किंवा महाभारतातील एखादे आख्यान सादर होते. नेपथ्य म्हणून एक पडदा व एक बाकडे पुरते. तेच बाकडे सिंहासन होते, तेच शिळा किंवा शय्याही होते. कथानकाची रूपरेषा आणि प्रवेशांचा क्रम रंगभूषा चालू असतानाच ठरतो. संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पदेही पुष्कळदा नटाच्या आवडीची व त्या वेळच्या मनःस्थितीवर अवलंबून असतात.

वाद्यमेळ लहान असतो. पेटी, पखवाज व झांज ही त्यातील मुख्य वाद्ये होत. काही संचांत तबलाही असतो. वादक रंगमंचाच्या एका अंगाला बसतात. यांपैकी पखवाज आणि झांज या खेळाशी जुन्या काळापासून निगडित आहेत. पेटी ही अर्थातच नंतरची भर आहे.

वाद्य : आलेक्सांद्र देबँ यांनी पॅरिस येथे १८४२ मध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले. मूळचे हे वाद्य टेबलाच्या उंचीचे व पायाने भाता हलवून वाजविण्याचे होते. जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या चालविण्याची हातपेटी भारतात प्रचारात आणण्याचे श्रेय कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतल (१८८०) व संगीत सौभद्र (१८८२) या नाटकांनंतर मराठी रंगभूमीवर संगीताला जे महत्त्व आले, त्याच्या अनुषंगाने पायपेटी व ऑर्गन ही वाद्ये नाटकमंडळ्यांत रूढ झाली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे गोविंदराव पटवर्धन (१९२५–९६) आणि मधुकर पेडणेकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी नाट्यपदांच्या साथीचा आदर्श घालून दिला. दशावतारी मंडळींनी नाट्यपदे आत्मसात केली, तेव्हा त्यांच्याबरोबर पेटीची ही परंपराही त्यांच्याकडे आली.

दशावतारी साथीला पायपेटी विशेष सोयीची ठरते. पायाने भाता चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने पदाची चाल वाजविता येते आणि डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेवता येतो किंवा तीच चाल एक सप्तक खाली वाजवून आवाज भरदार करता येतो. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी उघड्या मांडवात, पखवाज व झांजेच्या गजरात पेटी ऐकू जाण्यासाठी याची मोठीच गरज असे. वाद्यात पितळी पत्त्यांच्या दोन किंवा अधिक ओळी असतात. त्यांना कारागिरांच्या भाषेत खर्ज, नर व मादी अशी नावे आहेत. समोरच्या खुंट्या ओढून हव्या त्या ओळी चालू वा बंद करता येतात.

पेटीच्या मर्यादाही ठळक आहेत. सप्तकाचे बारा समान भाग करून तिचे स्वर लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल व अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचे हार्मोनियम तयार करून पहिली अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला, परंतु ते वाद्य रूढ झाले नाही. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती व ती १९७१ नंतर क्रमाने शिथिल झाली. या वादाचा जत्रेतील रंगमंचावर परिणाम झाल्याचे दिसत नाही. तेथे पेटीचा विचार कलेपेक्षा गरजेच्या अंगाने होत आला आहे.

शिक्षणाची पहिली पायरी : मुंबई–गोवा महामार्गावर जेथून देवगडकडे फाटा फुटतो ते नांदगाव (ता. कणकवली) किंवा त्याच्या आसपासची गावे घेतली, तर तेथील मुलाला पेटीची पहिली ओळख बहुधा भजनातून होते. गणेशचतुर्थीच्या दिवसांत वाडीतील घरोघरी रात्री भजने होतात. मुलगा प्रथम झांज हातात घेतो, मग कोरसात गातो आणि मोठी माणसे चहाला उठली की पेटीवर बोटे फिरवून पाहतो. दोन भजनीबुवांमध्ये सवाल-जवाबाच्या पद्धतीने रंगणारी डबलबारी हीही याच परिसराची आवडीची करमणूक असून तिच्यामुळे चाली, गजर व गौळणी यांचा मोठा साठा कानावर पडतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) प्रारंभिक ते विशारद या परीक्षांमुळे काहींना रागांचे व तालांचे शास्त्रीय ज्ञानही मिळते.

भजनातून आलेल्या वादकाला एक सवय मात्र मोडावी लागते. कोकणातील भजनात बुवा स्वतःच पेटी वाजवितो व स्वतःच गातो. चाल, लय व विराम या तिन्हींचा तो मालक असतो. त्याचे बोट व त्याचा गळा यांत अंतर पडण्याचा प्रश्नच येत नाही. दशावतारात गाणारा वेगळा व वाजविणारा वेगळा असतो. तेथे वादकाने स्वतःच्या मनातील चाल पुढे रेटली, तर नटाची कोंडी होते. उत्तम भजनीबुवा मंडळात आल्यावर पहिल्या हंगामात अडखळतो, तो याच कारणाने. नेतृत्व सोडून अनुसरण शिकणे हा त्याच्या शिक्षणाचा पहिला व बहुधा सर्वांत कठीण धडा होय.

मंडळातील उमेदवारी : मंडळात आलेल्या उमेदवाराला लगेच पेटी मिळत नाही. तो झांज धरतो, सामानाची चढउतार करतो आणि जुन्या वादकाच्या शेजारी बसून त्याच्या बोटांकडे व रंगमंचाकडे आळीपाळीने पाहत राहतो. झांजेची उमेदवारी निरुपयोगी नसते. लय अंगात मुरण्याचा व कोणते पात्र कोणत्या तालावर कसे पाऊल टाकते हे कळण्याचा तोच मार्ग आहे. पुढे त्याला पूर्वरंग वाजवावयास दिला जातो. पूर्वरंगातील पात्रांचा क्रम ठरलेला व गाणी परिचित असल्याने तेथे चूक होण्याचा संभव कमी असतो. उत्तररंगातील युद्धाचे किंवा प्रवेशाचे तुकडे, नंतर दुय्यम पात्रांची पदे आणि सर्वांत शेवटी राजपार्टी व स्त्रीपार्टी यांची पदे, अशा पायऱ्यांनी त्याची प्रगती होते. या सर्व काळात औपचारिक शिकवणी क्वचितच होते. चुकीच्या जागी बोट पडले, म्हणजे शेजारचा वादक फक्त मान हलवितो. खुलासा झालाच, तर तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या वाटेवर होतो.

पट्टी ओळखणे : पेटीवर षड्ज स्थिर नसतो, सप्तकातील सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्यांपैकी कोणतीही पट्टी षड्ज मानता येते. गायकाच्या षड्जाला ‘पट्टी’ म्हणतात व ती ‘पांढरी एक’, ‘काळी दोन’ अशा शब्दांत सांगतात. पट्टी बदलली, की बोटांचा सारा नकाशा बदलतो. उदा., काळी एक हा षड्ज घेतल्यास शुद्ध स्वरांचे सप्तक काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच व वरची पांढरी एक अशा पट्ट्यांवर पडते. तेच पांढरी चार हा षड्ज घेतल्यास पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सहा, काळी पाच आणि वरच्या सप्तकातील पांढरी एक, दोन, तीन असा क्रम लागतो. भजनात एकाच पट्टीवर हात बसलेल्या वादकाला हे नव्याने शिकावे लागते.

मंडळात एकूण खेळाची एक पट्टी सामान्यतः ठरलेली असते, कारण पखवाज त्या स्वराला मिळविलेला असतो आणि खेळ चालू असताना गठ्ठे ठोकून तो पुन्हा मिळविण्यास सवड नसते. परंतु सर्व नटांचे गळे सारखे नसतात. स्त्रीपार्टी करणारा पुरुष नट उंच पट्टीत गातो; राजपार्टी करणाऱ्याचा आवाज खर्जात भरदार असतो. अशा वेळी पखवाजाचा स्वर कायम ठेवून तोच नव्या गायकाचा मध्यम किंवा पंचम ठरेल अशी पट्टी निवडणे, हा अनुभवी वादकाचा उपाय होय. पखवाज काळी एकला लावलेला असेल आणि नट काळी तीनमध्ये गात असेल, तर पखवाजाचा स्वर नटाचा पंचम होतो व दोन्ही बेसूर न होता चालतात.

याहून अवघड प्रसंग उत्तररात्री येतो. तीन-चार तास बोलून व गाऊन गळा बसला, म्हणजे नट नकळत आपल्या नेहमीच्या पट्टीखाली सुरुवात करतो. त्याची पट्टी ओळखण्यासाठी वादक पहिल्या ओळीच्या शेवटी आवाज कोठे विसावतो, ते ऐकतो. विसाव्याचा हा स्वर बहुधा षड्ज किंवा पंचम असतो. तो सापडला, की पुढच्या ओळीच्या आत हात नव्या जागी जाऊन बसला पाहिजे. आवाज दोन पट्ट्यांच्या मधोमध लागला असेल, तर पेटीचा जोर कमी करून जवळचा षड्ज हळू धरून ठेवतात, म्हणजे गायक आपोआप त्याकडे ओढला जातो. अशा वेळी मोठ्याने वाजवून गायकाला ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करणे, हे कच्च्या साथीचे लक्षण समजतात. गायकाची चूक प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. पेटी व गळा यांतील भांडण मात्र तत्काळ येते.

हात व पाय : पायपेटीच्या दोन्ही पावट्या आळीपाळीने दाबावयाच्या असतात. दाब एकसारखा राहिला, तरच स्वर सरळ उमटतो. नवशिक्याचा पाय तालाबरोबर चालू लागतो व प्रत्येक ठोक्याला स्वर फुगतो. हा दोष घालविण्यासाठी पखवाज चालू असता तालाशी संबंध न ठेवता पाय हलविण्याची सवय मुद्दाम करावी लागते. स्वराचा लहानमोठेपणा पायाच्या दाबावर अवलंबून असल्यामुळे, गद्य भाषणाखाली पेटी विरघळविणे आणि पदाच्या आरंभी ती उचलणे ही दोन्ही कामे बोटांपेक्षा पायाची आहेत. मींडेची उणीव भरून काढण्यासाठी पुढची पट्टी दाबली गेल्यानंतरच मागची सोडणे आणि मुख्य स्वराला लागून कणस्वर घेणे, या युक्त्या वापरतात. पाच-सहा तास एका बैठकीत पाय चालवावयाचे असल्याने बाकाची उंची, पाठीचा ताठपणा व दोन्ही पायांना आलटून पालटून विसावा देणे, या बाबी जुने वादक आवर्जून सांगतात.

इशारे : संहितेच्या अभावी प्रयोग इशाऱ्यांवर चालतो. पदाकडे वळणारा नट भाषणाचे शेवटचे वाक्य लांबवितो, त्यातील अखेरच्या शब्दाला सूर देतो किंवा वादकांच्या बाजूला अर्धे वळून हात उचलतो. कित्येकदा पदाचा पहिला शब्द गद्यातच उच्चारला जातो. तेवढ्यावरून वादकाने चाल ओळखून मुखड्याचा पहिला तुकडा दिला पाहिजे. म्हणून वादकाची बैठक रंगमंच सरळ दिसेल अशी असावी लागते आणि त्याची दृष्टी पट्ट्यांवर खिळून राहता कामा नये. नट शब्द विसरला, तर मुखडा पुन्हा घोळवून त्याला अवधी देणे. पुढच्या पात्राचा मुकुट अजून बांधून झाला नसेल, तर चालू पदाचा वाद्यतुकडा वाढविणे. प्रवेश अकस्मात संपला, तर तुकडा योग्य जागी तोडून पखवाजाला वाट करून देणे, ही सारी कामे पेटीवादकाकडे येतात. विनोदी प्रवेशात, विशेषतः मालवणी बोलीत बोलणाऱ्या संकासुराच्या वेळी, प्रेक्षकांचा हशा ओसरेपर्यंत थांबण्याचे भान लागते. हशात वाजविलेला तुकडा वाया जातो आणि पुढचे वाक्यही बुडते.

गद्य भाषणांना साथ करताना न वाजविणे हीच मोठी कला समजली जाते. शोकाच्या भाषणाखाली एखादा कोमल स्वर धरून ठेवला, की तेवढे पुरते. राग सजवून दाखविण्याचा मोह झाला, तर शब्द ऐकू येत नाहीत. युद्धाच्या प्रसंगी पखवाज व झांज पुढे येतात, तेव्हा पेटीने चाल न वाजविता षड्ज-पंचम जोरकस धरून ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

तुलना : लिखित स्वरलिपीवाचून साथ करणाऱ्या व्यावसायिक वादकांपुढे अन्यत्रही असेच प्रश्न उभे राहिलेले दिसतात. अमेरिकेतील कंट्री संगीतात पेडल स्टील गिटार या वाद्याला असेच साथीचे स्थान आहे. वादक डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवरून सरकवितो, उजव्या हाताने तारा छेडतो, डाव्या पायाच्या पावट्या व गुडघ्यांचे तरफदांडे यांनी तारांचे स्वर बदलतो आणि उजव्या पायाने आवाज कमीजास्त करतो. वेब पिअर्स या गायकाच्या १९५४ मध्ये लोकप्रिय झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स याने ही पावटी प्रथम ठळकपणे वापरली व तेव्हापासून त्या वाद्याची आजची शैली घडली. तेथेही गायकाच्या दोन ओळींमधील जागा भरणे व तो गात असता मागे राहणे, हीच कसोटी मानतात. गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी तत्काळ बदलता यावी, म्हणून नॅशव्हिलच्या वादकांनी स्वरसंघातांना अक्षरांऐवजी आकडे देण्याची पद्धत स्वीकारली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज याने ती सुरू केली. भारतीय सरगमात हे तत्त्व पूर्वापार आहे. ‘सा’ कोठेही असला, तरी ‘ग’ व ‘प’ यांचे त्याच्याशी नाते तेच राहते. फरक इतकाच, की दशावतारी वादकाला ते नाते बाराही पट्ट्यांवर बोटांनी पाठ असावे लागते.

वाद्याची निगा : समुद्रकाठची दमट व खारी हवा पेटीला मानवत नाही. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, पितळी पत्त्यांवर हिरवट थर चढतो आणि भात्याच्या घड्यांवरील चामडे सुटते. जत्रा रोज वेगळ्या गावी असल्याने दुरुस्तीसाठी कारागिराची वाट पाहता येत नाही; तेव्हा प्राथमिक दुरुस्ती वादकालाच यावी लागते. पत्तीखाली धुळीचा कण अडकून स्वर मुका झाला, तर पातळ कागदाची पट्टी फिरवून तो काढतात. स्वर उतरला असेल, तर पत्तीचे मोकळे टोक अगदी हलके खरवडतात, म्हणजे तो चढतो. चढलेला स्वर उतरविण्यासाठी पत्ती मुळाशी खरवडतात. हे काम जपून करावे लागते, कारण खरवडलेले पितळ परत येत नाही. खेळ चालू असता पट्टी अडकली, तर ती तशीच सोडून सप्तक बदलणे, हा तात्पुरता इलाज होय.

पूर्वी मंडळी पेटारा व वाद्ये डोक्यावर घेऊन डोंगरवाटांनी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण नटाला उद्देशून असली, तरी ती पेटीवादकालाही तितकीच लागू होती. रस्ते व वाहने झाल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. मात्र टेंपोत आदळून पेटीचे सांधे निखळण्याचे प्रकार नव्याने सुरू झाले.

व्यवसाय : वादकाला मोबदला सामान्यतः खेळागणिक मिळतो आणि पावसाळ्यात बहुतेकांना शेतीकडे वळावे लागते. हंगाम सलग रात्रींचा असल्याने दिवसा झोप, वेळेवर जेवण व पुढील गावचा प्रवास यांचा मेळ घालणे हाही या व्यवसायाच्या शिक्षणाचाच भाग ठरतो. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० पासून खेळ थांबले. पुढील हंगामातही जत्रांवर निर्बंध राहिले, तेव्हा नटांबरोबर वादकांचेही उत्पन्न बुडाले. अशा कलावंतांना दुसरा आधार किती थोडा असतो, हे त्या काळात उघड झाले.

सद्यःस्थिती : ध्वनिवर्धकामुळे पेटीचा आवाज वाढविण्याची जुनी गरज उरली नाही आणि काही संचांत विजेवर चालणारे की-बोर्ड आले. त्यावर पट्टी बदलण्यासाठी एक कळ दाबणे पुरते. त्यामुळे बाराही पट्ट्यांचा रियाज अनावश्यक वाटू लागतो. परंतु नटाचा गळा ओळीगणिक उतरू लागला, की कळ शोधण्यास वेळ नसतो व कानाने आणि बोटांनीच काम भागवावे लागते. वेळेअभावी पूर्वरंग आटोपता घेण्याकडे किंवा वगळण्याकडे अनेक ठिकाणी कल दिसतो. याचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. पूर्वरंग ही नव्या वादकाची शाळा होती; ती आखूड झाल्यास उमेदवाराला चुकण्यासाठी सुरक्षित जागा उरत नाही आणि त्याला थेट उत्तररंगातच बसावे लागते.

आता खेळांचे ध्वनिचित्रमुद्रण सहज होते व तरुण वादक त्यावरून चाली उचलतात. चाली, तुकडे व पदांचे मुखडे शिकण्यास हे साधन निःसंशय उपयुक्त आहे. मात्र वादक एखाद्या जागी का थांबला, त्याने नटाच्या कोणत्या हालचालीवरून पद ओळखले किंवा पखवाजवाल्याकडे केव्हा पाहिले, हे चित्रणात क्वचितच दिसते, कारण कॅमेरा बहुधा नटावर रोखलेला असतो. या वादनाचे शिक्षण रंगमंचाच्या कडेला, जुन्या वादकाच्या शेजारी बसूनच होत आले आहे. प्रत्येक हंगामात त्या बाकावर एखादा उमेदवार बसतो की नाही, यावरच त्याचे पुढचे चालणे अवलंबून आहे.